जुनी डिझेल मोटार घेण्यापूर्वी: मुंबईकरांसाठी तपासणीची पद्धत

मुंबईत जुनी मोटार विकणारा माणूस सर्वप्रथम जे सांगतो ते बहुधा ठरलेले असते: गाडी कमी चालली आहे, एकच मालक आहे आणि रोज घर ते ऑफिस एवढाच वापर होता. पेट्रोल गाडीच्या बाबतीत हे ऐकून समाधान वाटणे स्वाभाविक आहे. डिझेल गाडीच्या बाबतीत मात्र तिसरी गोष्ट ऐकताच सावध व्हावे. सरळ रस्त्यावर लांब धावणे डिझेल इंजिनाला मानवते. अर्धवट तापून पुन्हा थंड होणे आणि सिग्नलला तासन्‌तास नुसते चालू राहणे त्याला सोसत नाही.

हे एका साध्या हिशेबाने पटेल. शहरातील कोंडीत ताशी सरासरी १५ किलोमीटर वेगाने ४०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचे इंजिन सुमारे २,६६० तास फिरलेले असते. दुसरी गाडी मुंबई-नाशिक किंवा मुंबई-सातारा अशा फेऱ्या करत सरासरी ५० च्या वेगाने ८०,००० किलोमीटर चालली असेल, तर तिचे इंजिन १,६०० तासच फिरले आहे. मीटरवर दुप्पट आकडा असलेली ही दुसरी गाडी आतून पहिलीपेक्षा ताजी असण्याची शक्यता बरीच आहे, कारण तिच्या इंजिनाला काजळी जाळून टाकण्याइतकी उष्णता वारंवार मिळालेली असते. म्हणून मीटर पाहण्याआधी गाडीची दिनचर्या विचारावी: मालक राहतो कुठे, कामाला कुठे जात होता, गाडी बाहेरगावी महिन्यातून किती वेळा निघत होती, आणि मधले महिने ती सोसायटीत उभी होती का. केवळ गणपतीला आणि मे महिन्यात कोकणात जाणारी व एरवी इमारतीखाली झाकून ठेवलेली गाडी दिसायला नवी असते. परंतु तिची बॅटरी, रबरी नळ्या, टायर आणि इंधनाच्या टाकीत साचणारे पाणी यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

हाच प्रश्न स्वतःलाही विचारणे तितकेच आवश्यक आहे. ज्याचा रोजचा प्रवास दादर ते लोअर परळ किंवा मुलुंड ते भांडुप एवढाच आहे, त्याने जुनी डिझेल गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी पेट्रोल किंवा सीएनजी गाडी योग्य. दर पंधरवड्याला चिपळूण, कोल्हापूर किंवा नगर गाठणाऱ्यासाठी मात्र चांगली निवडलेली डिझेल गाडी आजही फायद्याची ठरते.

बीएस-४ की बीएस-६

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुरातील प्रदूषणाची मर्यादा ठरवणारी नवी मानके, लागू झाली आणि त्या दिवसापासून डिझेल गाडीचा स्वभावच बदलला. त्यापूर्वीच्या बहुतेक बीएस-४ डिझेल गाड्यांत काजळी रोखणारी गाळणी, म्हणजेच डीपीएफ, नव्हती. बीएस-६ गाड्यांत ती असतेच असे धरून चालावे. सायलेन्सरच्या मार्गावर बसवलेल्या या गाळणीत धुरातील काजळी साठते आणि ठराविक प्रमाणात साठली की ती जाळून टाकावी लागते. त्यासाठी गाळणीचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते. मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने गाडी पंधरा-वीस मिनिटे चालली की हे काम चालकाच्या नकळत पूर्ण होते. सायन-कुर्ला-घाटकोपर अशा रडतखडत प्रवासात ते सुरू होते आणि इच्छित स्थळ आले की चालक इंजिन बंद करतो. असे वारंवार झाले की दोन दुष्परिणाम संभवतात. पहिला म्हणजे गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडीचा पिकअप जातो. दुसरा सहजासहजी दिसत नाही: काजळी जाळण्यासाठी सिलिंडरमध्ये जास्तीचे डिझेल सोडले जाते, ते पूर्ण जळले नाही तर भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल पातळ होते. पातळ ऑइलवर चाललेल्या इंजिनाच्या बेअरिंगांची आणि टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याची, झीज मीटरवर कुठेही दिसत नाही.

माझ्या मावसभावाने एका विक्रेत्याकडून बीएस-६ एसयूव्ही घेतली तेव्हा मी बरोबर होतो. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजण्याच्या पट्टीवर, ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर होती. नुकतेच ऑइल बदलले आहे, थोडे जास्त पडले असेल, असे सांगण्यात आले आणि ते आम्ही मान्य केले. डिपस्टिक पुसून ती नाकाशी धरण्याचे साधे काम मी केले नाही, याची खंत मला अजून आहे. तीन आठवड्यांत गाळणीचा दिवा लागला आणि गॅरेजमध्ये ऑइल काढले तेव्हा त्याला डिझेलचा स्पष्ट वास होता. म्हणून बीएस-६ डिझेल पाहताना पहिली कृती हीच करावी: गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना डिपस्टिक काढावी, पातळी पाहावी, बोटांत ऑइल चोळून पाहावे आणि वास घ्यावा. पातळी खुणेच्या वर असेल आणि वास डिझेलचा असेल, तर कारण काहीही सांगितले जावो, गाडी सोडून द्यावी.

दुसरी खूण सायलेन्सरच्या तोंडाशी मिळते. गाळणी सुस्थितीत असलेल्या गाडीच्या नळीत आतून बोट फिरवले तर बोट जेमतेम मळते. बोट काळेकुट्ट निघाले तर गाळणी आतून फुटलेली असते किंवा कोणीतरी ती पोकळ करून किंवा काढून टाकलेली असते. खर्च वाचवण्यासाठी असे उद्योग केले जातात. ते बेकायदेशीर आहेत आणि त्याचा त्रास नव्या मालकाच्या वाट्याला येतो. अनेक मॉडेलमध्ये नव्या गाळणीचा खर्च लाखाच्या घरात जातो, हे लक्षात ठेवून स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडून गाळणीतील काजळीचे प्रमाण, शेवटची पूर्ण सफाई किती किलोमीटरपूर्वी झाली आणि किती वेळा ती अर्धवट राहिली, हे आकडे काढून घ्यावेत. धुरातील विषारी वायू कमी करण्यासाठी ज्या गाड्यांत युरियाचे द्रावण भरावे लागते, त्यांत त्या टाकीचा दिवा लागला आहे का, तेही पाहावे.

बहुतेक बीएस-४ गाड्यांत ही कटकट नाही; तिथे धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह आणि हवा आत नेणारा इनटेक मॅनिफोल्ड यांत काजळीचे थर बसतात. ते साफ करता येतात आणि खर्चही आवाक्यातला असतो. शहरात राहून अधूनमधून बाहेर जाणाऱ्यासाठी जपलेली बीएस-४ डिझेल ही मला बीएस-६ पेक्षा कमी जोखमीची वाटते. तिचे उरलेले आयुष्य मात्र कमी आहे, त्याचा विचार पुढे कागदपत्रांच्या ओघात केला आहे.

थंड इंजिन, मग लांब फेरी

गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नये, असे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट असेल तर कुणीतरी इंजिन तापवून ठेवले आहे असे समजून दुसरा दिवस मागावा. मुंबईकराने येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. आपल्याकडे हिवाळ्याच्या पहाटेही पारा क्वचितच १५ अंशांखाली जातो, त्यामुळे ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होण्यापूर्वी सिलिंडर तापवणारे) निकामी झालेले किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील हवेचा दाब, कमी झालेले इंजिनही येथे निमूट सुरू होते आणि तेच नाशिकच्या किंवा महाबळेश्वरच्या थंडीत अडून बसते. म्हणून केवळ "एका सेल्फला चालू झाली" यावर विसंबू नये. ग्लो प्लग मीटर लावून एकेक तपासून घ्यावेत. सुरू होताच पहिले अर्धे मिनिट इंजिनाची लय ऐकावी. एखादा सिलिंडर उशिरा साथ देत असेल तर गाडी थरथरते आणि नंतर शांत होते. ही थरथर बहुधा सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची किंवा ग्लो प्लगची असते.

धुराचा रंग बारकाईने पाहावा. जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर बीएस-४ गाडीतून क्षणभर फिकट काळा धूर आला तर ते चालते. तो दाट आणि सतत येत असेल तर इंजेक्टर, टर्बोच्या नळ्या किंवा ईजीआर यांपैकी काहीतरी बिघडले आहे. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, म्हणजे टर्बोचे सील किंवा पिस्टनभोवतीच्या रिंग झिजल्या आहेत. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी कमी होत असेल, तर इंजिनाच्या वरच्या भागाचा सांधा बंद ठेवणारे हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. यानंतर चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण काढून उलटे करून तिथेच ठेवावे. हलकी वाफ येणे साहजिक आहे. परंतु झाकण उडू लागले आणि भपके येऊ लागले, तर सिलिंडरमधील दाब रिंगांवरून खाली उतरतो आहे आणि इंजिन खोलण्याची वेळ जवळ आली आहे.

फेरी किमान चाळीस मिनिटांची असावी. सोसायटीभोवती मारलेल्या चकरेने काहीही कळत नाही. सकाळी सात वाजता सुमारे १७ किलोमीटरचा ईस्टर्न फ्रीवे यासाठी उत्तम आहे. पश्चिम उपनगरांत किंवा ठाण्यात राहणाऱ्याने घोडबंदर रस्त्यावरील गायमुखचा चढ निवडावा. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर टर्बोने गाडी सलगपणे ओढली पाहिजे. मध्येच जोर तुटणे, शिट्टीसारखा आवाज वाढत जाणे किंवा दिवा लागून गाडीने वेग घेण्यास नकार देणे, यांपैकी काहीही दिसले तरी सौदा थांबवावा. चढावर उंच गिअरमध्ये आरपीएम वाढतो पण गाडी वेग घेत नाही, असे झाल्यास क्लच प्लेट संपलेली आहे. मुंबईच्या रहदारीत वाढलेल्या गाडीला हे होणारच, पण अनेक डिझेल गाड्यांत क्लचबरोबर इंजिनाचे धक्के शोषणारे ड्युअल मास फ्लायव्हीलही बदलावे लागते आणि तेव्हा खर्च कित्येक पटींनी वाढतो. इंजिन बंद करताना खालून "खाड" असा धक्क्याचा आवाज येतो का, हे त्यासाठी ऐकावे. परतल्यावर दहा मिनिटे थांबून गाडीखाली वाकून पाहावे आणि तापलेले इंजिन पुन्हा सुरू करून पाहावे. गरम असताना सेल्फ लांबत असेल तर इंजेक्टरमधून डिझेल जास्त परतत असण्याची शक्यता असते.

इंजेक्टरविषयी थोडे अधिक सांगणे गरजेचे आहे, कारण कॉमन रेल, म्हणजे एकाच उच्च दाबाच्या नळीतून सर्व सिलिंडरना डिझेल पुरवणाऱ्या, इंजिनातील सर्वात महागडे नाजूक भाग तेच आहेत. १,६०० बार आणि त्याहून अधिक दाबाखाली काम करणाऱ्या या भागांना डिझेलमधील पाणी आणि कचरा अजिबात चालत नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी ठेवून उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी जमणे सहज शक्य आहे. डिझेल पंप आणि नोझलचे काम करणाऱ्या खास गॅरेजवाल्याकडे गाडी नेऊन चारही इंजेक्टरांची रिटर्न टेस्ट, म्हणजे प्रत्येकातून परतणारे डिझेल वेगळ्या बाटलीत मोजण्याची चाचणी, करून घ्यावी. एका बाटलीत इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त डिझेल जमले तर तो इंजेक्टर गेला आहे. तेथेच डिझेल फिल्टरमधून थोडे इंधन काचेच्या बाटलीत काढून तळाशी पाण्याचा थर बसतो का, ते पाहावे. या तपासणीला लागणारे पैसे वाचवू नयेत.

इंजिन कोणते आहे, यावरही बरेच अवलंबून असते. फियाटचे १,२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा आणि ब्रेझा यांच्यासह टाटा आणि फियाटच्याही गाड्यांत बसवले गेले. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या असल्या तरी त्याचे सुटे भाग आणि ते जाणणारे मेकॅनिक प्रत्येक नाक्यावर सापडतात. त्यात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ राखणारी टायमिंग चेन आहे. रेनो डस्टर, फोक्सवॅगनची टीडीआय इंजिने, फोर्डचे १.५ टीडीसीआय आणि जुन्या इनोव्हाचे २.५ लिटरचे इंजिन यांत मात्र टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून इंजिन जागच्या जागी संपते. बेल्ट किलोमीटरनेच नव्हे, वर्षांनीही म्हातारा होतो. बदलल्याचे बिल हातात नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरावे आणि तो खर्च, वॉटर पंपासह, किमतीतून वजा करून घ्यावा.

पावसात बुडालेली गाडी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या गाड्या आता बाजारात उरलेल्या नाहीत. परंतु २९ ऑगस्ट २०१७ ला आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांत हिंदमाता, किंग्ज सर्कल, कुर्ला, मिलन सबवे आणि अंधेरी सबवे येथे बुडालेल्या गाड्या आजही विक्रीला येऊ शकतात. डिझेल गाडीला पाण्याचा धोका अधिक असतो. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा दाबण्याचे प्रमाण, जास्त असल्याने पिस्टनच्या वर उरणारी जागा फार थोडी असते. हवेबरोबर वाटीभर पाणी आत गेले तरी ते दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी रॉड किंचितच वाकतो, गाडी दुरुस्त होऊन चालूही लागते आणि सहा-आठ महिन्यांनी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

बुडालेली गाडी ओळखण्यासाठी चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यांवर गढूळ पाण्याची रेषा आहे का, ते पाहावे. गाडी धुणारा माणूस बेल्ट इतके बाहेर ओढत नाही. सीटच्या रुळांवरील गंज, गालिचाखालील बारीक गाळ, स्टेपनीच्या खड्ड्यातील ओल आणि हेडलाइटच्या आतील धुके तपासावे. कुबट वास लपवण्यासाठी सुगंधी डबी ठेवलेली असेल तर ती बाहेर काढून, काचा बंद करून गाडी दहा मिनिटे उन्हात ठेवावी आणि मग आत बसावे. विमा कंपनीकडील दाव्यांचा इतिहास मालकाला मागवायला सांगावे. वरळी, वर्सोवा अशा समुद्रालगतच्या भागात उघड्यावर उभी राहिलेली गाडी असेल, तर लिफ्टवर चढवून ब्रेकचे पाइप आणि चासीचे जोड गंजले आहेत का, हे पाहणे अत्यावश्यक आहे.

मीटर आणि कागदपत्रे

रीडिंग मागे फिरवणे अवघड राहिलेले नाही, म्हणून आकडा नेहमी इतर पुराव्यांशी ताडून पाहावा. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीच्या क्रमांकावरून प्रत्येक सर्व्हिसचे रीडिंग मिळते; मालकाला सोबत घेऊन ते मागावे. टायरवरील चार अंकी आकड्यात निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते. ३०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीला दुसरा टायरसंच कशासाठी लागला, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. पूर्वी टॅक्सी परवान्यावर असलेल्या इनोव्हा किंवा डिझायर खासगी करून विकल्या जातात. आरसीवरील पूर्वीची नोंद आणि मालकांची संख्या परिवहनच्या ॲपवर पाहावी. अशी गाडी वाईटच असते असे नाही, पण तिचा भाव त्याप्रमाणे असला पाहिजे.

दिल्ली परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध घालणारा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला. तिकडील गाड्या त्यामुळे स्वस्त मिळतात. परंतु एनओसी (तिकडील आरटीओचे ना-हरकत पत्र), महाराष्ट्रातील नवी नोंदणी आणि येथील रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीचशी संपते. मुंबईत खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये त्यासाठी मोटारीचे शुल्क ५,००० रुपये करण्यात आले; पर्यावरण कर वेगळा. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, याचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. त्यामुळे बारा-तेरा वर्षांची डिझेल गाडी दहा वर्षे वापरण्याच्या हिशेबाने घेऊ नये. चार-पाच वर्षांत तिची किंमत वसूल होते का, एवढेच पाहावे.

कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि गाडीवरील कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या समोरासमोर व्हाव्यात. मालकी बदलल्याचे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्जही १४ दिवसांत करावा. नो-क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. थकलेली ई-चलने त्याच्याकडूनच भरून घ्यावीत आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, ते पाहावे.

गाडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलावेत, मग विक्रेत्याने कालच बदलल्याचे सांगितले असले तरीही. ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच असावे, कारण डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राख सोडणारे ऑइल लागते. शहरात वापर असेल तर पुढचे ऑइल ठरलेल्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांशावरच बदलावे, महिन्यातून किमान दोनदा गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्यावी आणि पहिल्या १,००० किलोमीटरनंतर डिपस्टिक पुन्हा काढून ऑइलची पातळी खाली गेली आहे की वर चढली आहे, हे वहीत नोंदवून ठेवावे.